बटण दाबल्याशिवाय

७ जुलै

दाढीवाला म्हणाला, "जे जे करशील ते लिहून ठेव. प्रोग्रॅम सोर्सवरून बांधायचा म्हणजे चार ठिकाणी हात घालावा लागतो, नंतर काही आठवत नाही." म्हणून हा खटाटोप. दाढीवाला बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. त्यांच्या झेरॉक्स मशीनची सर्व्हिस माझ्याकडे, एवढीच आमची ओळख. पण माणूस दिलदार आहे.

कशासाठी चाललंय तेही लिहितो. माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी गालात घास धरून बसायची म्हणून खारूताई, आणि पुढे नुसतं खारू. सोळा वर्षांची झाली. आत्तापर्यंत तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत होती, तिथे शिक्षकांपासून शिपायापर्यंत सगळे हातांनी बोलतात. ती शाळा आता संपली. ऑगस्टपासून साधं कॉलेज. तिथे सर फळ्याकडे तोंड करून बोलणार आणि ही त्यांच्या पाठीकडे बघत बसणार. तिची आई म्हणते, "काढेल ती काहीतरी मार्ग." मला असं हातावर हात ठेवून बसवत नाही.

एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. माइकमध्ये मराठी बोललं की पडद्यावर अक्षरं उमटतात. तयार आवृत्ती आपल्या जुन्या लॅपटॉपवर टाकली. "आज भूक लागली आहे" असं म्हणालो, उठून पाणी पिऊन आलो, तेव्हा कुठे पडद्यावर "आज बोट लागली आहे" असं उमटलं होतं.

मी हसलो. खारूने फक्त माझ्याकडे बघितलं.

१० जुलै

बँकेत टोनर बदलायला गेलो होतो. दाढीवाल्याने नीट समजावून दिलं. तयार प्रोग्रॅम म्हणजे तयार कपडे. सगळ्यांच्या अंगात शिरले पाहिजेत, म्हणून कुणालाच नीट बसत नाहीत. सोर्स म्हणजे कापड. ते आपल्या मशीनच्या मापाने कंपाइल करायचं. त्याआधी तयारीची एक कमांड द्यायची आणि तिच्यापुढे ऑप्शन लावत जायचे. हे हवं, ते नको, हे चालू, ते बंद. नको ते गाळलं की प्रोग्रॅम हलका होतो आणि पळतो.

घरी येऊन हिला, म्हणजे खारूच्या आईला, सांगितलं. ही पडदे शिवते, कापडाची गोष्ट हिला लगेच कळेल असं वाटलं. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "मग माप कुणाचं घेतलंत?"

"लॅपटॉपचं."

"अच्छा," म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात.

तेव्हापासून चार वेळा कंपाइल करून बघितलं. चारही वेळा मधेच ढेपाळलं. हे सापडलं नाही, ते सापडलं नाही. एक आणून द्यावं तर दुसऱ्याच्या नावाने गळा काढतं. मी आपला या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतोय. खारू पुस्तकातून डोकं वर काढून आईला काहीतरी खुणेने म्हणाली आणि दोघी हसल्या. मी विचारलं काय, तर ही म्हणते, "पिंजऱ्यातला वाघ म्हणाली तुम्हाला."

बरं वाटलं. वाघ काही वाईट नाही.

१३ जुलै

झालं! एकदाचं कंपाइल झालं. आपल्या प्रोसेसरचा वेगाचा ऑप्शन चालू केला. ग्राफिक कार्डाचा भाग बंद. मराठी सोडून बाकी सगळ्या भाषा बंद. इंटरनेट बंद. आता वाक्य संपतं न संपतं तोच अक्षरं येतात.

पण नवीनच डोकेदुखी. माइक मी जुन्या ऑफिसच्या मीटिंग रूममधला उचलून आणलाय. तो इतका तिखट कानाचा, की कुकरची शिट्टी झाली, खुर्ची सरकली, शेजाऱ्याने दार आपटलं, सगळ्याची अक्षरं करतो. मिक्सर लावला तर पडदाभर "गरगर घर घर गाढव". ऑप्शनच्या यादीत शोधलं तर मिळालं: बटण दाबलं तरच ऐकायचं. ते लावून पुन्हा बांधलं. एका मोडीत निघालेल्या मशीनचं हिरवं स्टार्ट बटण काढून डबीत बसवलं, वायर जोडली. बोलणाऱ्याने बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. पडदा कसा स्वच्छ राहतो.

जेवताना पहिली चाचणी. मी बटण दाबून म्हणालो, "भाजी कशी झाली आहे?" पडद्यावर शब्दन् शब्द बरोबर. खारूने अंगठा वर केला. मग हिने बटण दाबलं, पण काही बोलायच्या आतच तिला हसू फुटलं. बटण सोडून ती हातांनी काहीतरी म्हणाली, खारू हातांनी काहीतरी म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं डबी तशीच पडून. दोघींचे हात इतके भरभर चालतात, की बाजूला बसलेल्याला वारा लागेल.

मी बटण दाबून विचारलं, "काय झालं?"

खारूने माझ्याकडे बघून हात हलवला. काही नाही.

मला येतात त्या खुणा म्हणजे जेव, झोप, शाळा, उशीर आणि काही नाही. ही शेवटची सगळ्यात पक्की येते. लहान होती तेव्हा तिच्या शाळेत पालकांसाठी वर्ग असायचा. मी गेलो दोनचारदा. नंतर नेमके त्याच वेळी दुरुस्तीचे कॉल यायला लागले. शिवाय स्क्रू पिळून पिळून माझी बोटं जाड झाली आहेत, ती तशी वळत नाहीत.

१८ जुलै

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. दाढीवाल्यानेच फोन करून सांगितलं. मराठी बरीच सुधारली आहे म्हणे.

"तुझी ती ऑप्शनची कमांड फाइलमध्ये ठेवली आहेस ना?"

"हो हो," म्हणालो. ठेवली नव्हती. वरच्या बाणाचं बटण दाबलं की जुनी कमांड परत येते, मग वेगळी कशाला ठेवायची?

"आणि ऐक, नव्या आवृत्तीत ऑप्शनची नावं बदलतात कधीकधी. तयारीच्या शेवटी काय चालू नि काय बंद याचा गोषवारा येतो, तो वाच."

हा माणूस चांगला आहे, पण उगाच घाबरवतो.

२० जुलै, रविवार

नवी आवृत्ती बांधली. जुनीच कमांड, तेच ऑप्शन. पडद्यावरून ओळी धबधब्यासारख्या वाहतात, ते बघायला मला आवडायला लागलंय. मधेच एखादी पिवळी ओळ सर्रकन जाते. लाल काही आलं नाही, म्हणजे झालं. आणि वेग काय सांगू! तोंडातून शब्द बाहेर पडायचा अवकाश.

ही पडद्यांची मापं घ्यायला कुणाकडे तरी गेली होती. खारूला लॅपटॉपसमोर बसवलं. कागदावर लिहून सांगितलं, तू वाचत बस, मी थोड्या वेळाने येऊन बोलतो. तेवढ्यात ताईचा फोन आला म्हणून मी गॅलरीच्या दारात उभा राहून बोललो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. लांब असते, महिन्यातून एकदा फोन, आणि मग सोडता सोडत नाही. तिच्यापाशी माझ्या तोंडून सगळं निघतं.

ती म्हणाली, "कॉलेजचं काय रे खारूचं?"

मी प्रोग्रॅमचं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं तुझ्या लेकीशी जमतं का आता?"

मग मी बोललो. म्हटलं, ताई, खरं सांगू का, मला तिच्याशी बोलताच येत नाही गं. दोघी हात हलवून हसत असतात आणि मी आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसलेला असतो. मधे ती शाळेच्या सहलीला गेली होती ना, तेव्हा घर कसं हलकं वाटलं. हिच्याशी तोंडाने बोललो, रेडिओ लावला, मोठमोठ्याने गाणी म्हटली. ताई म्हणाली, "होतं रे असं." बोलून मोकळं वाटलं.

परत आलो तर लॅपटॉप मिटलेला आणि खारू तिच्या खोलीत, दार लावून. वाट बघून कंटाळली असणार. ताईला आवर घालायला शिकलं पाहिजे.

२३ जुलै

खारूचं काहीतरी बिनसलंय. जेवायला आमच्याबरोबर बसत नाही. चाचणीला बोलावलं तर येते, खुर्चीच्या टोकावर बसते, पडद्याकडे बघतच नाही. माझ्याकडेही नाही.

अक्षरं लहान वाटत असतील. अक्षरं मोठी करायचाही ऑप्शन आहे. आज सकाळी कामावर जायच्या आधी तो लावून परत कंपाइल केलं. आता अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी दिसतात. तिला हाताला धरून आणलं, दाखवलं. तिने मान डोलावली आणि निघून गेली.

संध्याकाळी ही म्हणाली, "तिला काहीतरी लागलंय."

"कुठे?" मी म्हणालो. "दाखवलं का कुणाला?"

ही उठून खारूच्या खोलीत गेली.

२५ जुलै

कामावर लक्ष नाही. एका वकिलाच्या मशीनमध्ये ड्रम उलटा बसवला, आयुष्यात पहिल्यांदा. काळाकुट्ट कागद बाहेर आला. वकील म्हणतो, "माझ्या केससारखाच आहे." हसायचं भान राहिलं नाही.

माइक बदलावा का? पडदा काळा आणि अक्षरं पांढरी करावीत का? कॉलेज तोंडावर आलंय आणि ती काही सांगत नाही. सांगितल्याशिवाय कळणार कसं?

२६ जुलै

कसं लिहू कळत नाही. लिहितो.

सकाळी डबीची वायर सैल वाटली म्हणून ती लॅपटॉपमधून काढली आणि उघडून बसलो. प्रोग्रॅम चालू होता. एक बारीक स्क्रू घरंगळला. मी टेबलाखाली वाकलो, मनाशी पुटपुटत होतो. वर आलो तर पडद्यावर पाटीएवढ्या अक्षरांत: "कुठे गेला मेला आत्ता तर इथे होता".

बटण माझ्या हातात. वायर सुटलेली.

गॅलरीच्या दारात गेलो. त्या दिवशी उभा होतो तिथेच. नेहमीच्या आवाजात म्हणालो, "एक दोन तीन." इथून पडदा दिसत होता. एक दोन तीन.

मग खाली बसलो. तयारीची कमांड पुन्हा चालवली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. पिवळी ओळ तिथेच होती. बटणाच्या ऑप्शनचं जुनं नाव आता ओळखीचं नाही, म्हणून सोडून दिलं आहे, असं तिचं म्हणणं. नाव बदललंय. आणि तो ऑप्शन नसला की प्रोग्रॅम सतत ऐकत राहतो. खाली गोषवाऱ्यात सरळ लिहिलेलं: बटण, बंद.

म्हणजे रविवारी ती पडद्यासमोर बसली होती, मी बसवलं होतं म्हणून. आणि मी ताईला सांगत होतो.

दाढीवाल्याला फोन केला. का केला माहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गोषवारा वाचला नव्हतास." मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "हे माझ्याने दुरुस्त होणार नाही रे."

हिला सांगितलं. हिने शिलाई मशीनवरचा पाय काढला. चिडेल असं वाटलं होतं, पण चिडली नाही.

"खरं होतं का ते? तुम्ही ताईंना बोललात ते?"

"नाही," म्हणालो. मग म्हणालो, "हो."

"मग तिला सांगा."

"तू सांग ना. तुला येतं तिच्याशी बोलता."

"मला माझं बोलता येतं," ती म्हणाली. "तुमचं मी कसं बोलू?" आणि मशीन परत सुरू केलं.

२७ जुलै, रविवार

ही मुद्दाम घराबाहेर गेली. मी खारूच्या खोलीत गेलो. लॅपटॉप नाही, कागद नाही, डबी नाही. हात कुठे ठेवावेत कळेना. माझेच हात मला एवढे मोठे कधी वाटले नव्हते.

ती पलंगावर बसली होती. मी मांडलं ते असं: शाळा. झोप. जेव. उशीर. काही नाही. माझ्याकडे शब्दच तेवढे होते. वेडगळ दिसत असणार. तिने एकदाही तोंड फिरवलं नाही, बघत राहिली. मग मी कानाकडे बोट केलं, लॅपटॉपच्या दिशेने केलं, तिच्याकडे केलं, माझ्या तोंडाकडे केलं. तिने मान हलवली. हो. वाचलं.

हलकं कसं दाखवायचं? दोन्ही तळवे वर उचलले, पिसासारखे. तिने तेच तळवे केले आणि भुवया उंचावल्या. का?

आता हे कसं सांगायचं, तोंडानेसुद्धा? ती घरात नसली की मला न येणाऱ्या गोष्टी घरात नसतात. ती असली की दर जेवणाला माझी परीक्षा असते आणि मी दर वेळी कोरा कागद देतो. ती जड नाही. मी छातीवर हात मारला. मी. मी. मग पुढचा शब्द नव्हता. मी तोंड झाकून घेतलं.

तिने माझा हात तोंडावरून काढला. बोटं मिटवली, एक मोकळं ठेवलं, मनगट फिरवून गालाशी आणलं. लाज. मी करून दाखवलं. चुकलं. तिने परत बोट सरळ केलं. परत चुकलं. ती खूप वेळ माझ्या बोटांशी झटत होती, अगदी माझ्यासारखंच, गंजलेला स्क्रू असावा तसं. शेवटी जमलं. मला लाज वाटते. हे तिच्याशी मी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य.

तिने मिठी वगैरे मारली नाही. राग अजून होता, दिसत होता. ती हातांनी बरंच बोलली. तिच्या भाषेत बापाला अहो-जाहो करतात की अरे-तुरे, मला माहीत नाही, पण त्या क्षणी अरे-तुरे असावं. मला चौथा हिस्साही कळला नाही. तिला ते कळलं. मग तिने फोन घेतला, टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला.

"बटण का लावलंस?"

मी तिच्या फोनवर लिहिलं, "पडद्यावर कचरा येऊ नये म्हणून. बटण असतं तर तुला ते वाचावं लागलं नसतं. आता नवं नाव सापडलंय. आजच लावतो."

तिने जोरात नाही म्हणून मान हलवली आणि भराभर लिहिलं: "तुम्हा सगळ्यांना सगळं ऐकू येतं. न विचारता. शेजारचं, रस्त्यावरचं, आईचं, फोनवरचं. नको असलं तरी येतं. माझ्यासाठी मात्र कुणीतरी बटण दाबणार, मग मला कळणार. कॉलेजमध्ये बटण कोण दाबेल? सर? ते आठवण झाली तर दाबतील. तू विचारलंस का मला, कुठला ऑप्शन हवा?"

मी वाचलं, परत वाचलं. विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदासुद्धा नाही.

लिहिलं, "रविवारसारखं पुन्हा काही आलं तर?"

तिने लिहिलं, "येऊ दे."

३० जुलै

आज तिच्या हाताने बांधलं. म्हणजे खुर्चीत ती, मी बाजूला स्टुलावर. प्रत्येक ऑप्शनवर बोट ठेवते, भुवया उंचावते, मी लिहून सांगतो तो काय करतो, मग ती ठरवते. पाटीएवढी अक्षरं पहिल्या फटक्यात रद्द. मी गाळलेली इंग्रजी परत घेतली, कारण पुस्तकं इंग्रजीत आहेत. हे मला सुचायला हवं होतं. मिक्सर आणि शिट्ट्या गाळण्याचाही एक ऑप्शन निघाला, यादीत बराच खाली. मला वाटलं, हा तरी घेईल. तिने जरा विचार करून तोही बंद ठेवला. आई कुठल्या वेळी काय करते ते कळतं म्हणाली.

इंग्रजीमुळे प्रोग्रॅम थोडा मंदावला. मी नाराजीने तोंड वाकडं केलं, तर तिने चापट मारली. हळूच.

सगळी कमांड तिने फाइलमध्ये टाकली, सुटीसुटी, एका ओळीवर एक ऑप्शन. मग तयारी चालवली आणि शेवटचा गोषवारा बोट फिरवत पूर्ण वाचला. मी उठून फेऱ्या मारायला लागलो, तर टेबलावर हात आपटून मला परत बसवलं.

बरोबर आहे. वाचायला मीही बसलो पाहिजे.

४ ऑगस्ट

कॉलेजचा पहिला दिवस. दिवसभर तीन मशीनं उघडली आणि एकही नीट बंद केलं नाही. प्रोग्रॅम अडला असेल का, बॅटरी उतरली असेल का, मुलं हसली असतील का. दुपारी दाढीवाल्याने सहज म्हणून फोन केला. तोही अस्वस्थ होता, मला कळलं.

संध्याकाळी घरी आलो तर खारू दारातच उभी. गाल लाल, डोळे मोठे झालेले. तिने बॅगसुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. मला बाहीला धरून आत ओढलं, खुर्चीत बसवलं आणि हातांनी बोलायला लागली, इतकं भरभर, की मी दोन्ही हात वर केले. थांब. हळू.

ती हळू झाली. मागचा बाक. दोन मुली. नंतर तिने स्वतःच्या पायांकडे बोट केलं. बूट. तिचे बूट, मागच्याच आठवड्यात आईबरोबर जाऊन आणलेले, पिवळेधमक. मुली बुटांबद्दल बोलल्या. तिने नाक मुरडून, मान वेळावून त्या कशा बोलल्या ते करून दाखवलं.

मला इतका राग आला! पहिल्याच दिवशी. मनात आलं, बटण असतं तर. उठायलाच लागलो होतो.

आणि मग लक्षात आलं की ती हसतेय. पार वाकून हसतेय. दोन्ही हात फिरवून सांगतेय, सगळं कळलं, सगळं, सर काय म्हणाले ते, खिडकीजवळचा मुलगा परीक्षेबद्दल काय म्हणाला ते, आणि बुटांचं ते. त्या दोघींना वाटलं, हिला कुठे कळतंय! हिने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, लॅपटॉप फिरवून त्यांचंच वाक्य त्यांना दाखवलं. मग काय झालं ते ती सांगत होती आणि नेमकं तेच मला कळेना. भांडण झालं? माफी मागितली? मैत्री झाली?

आतून ही ओरडली, "काय म्हणते ती, सांगू का?"

"नको," मी ओरडलो.

बोट फिरवून खारूला म्हणालो, पुन्हा. तिने पुन्हा सांगितलं. नाही कळलं. पुन्हा. तिने डोळे फिरवले, बॅग खाली टाकली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि पुन्हा मागच्या बाकापासून सुरुवात केली.